पडावात उतरावं लागणार नाही असं जहाज

पत्र: "येत्या जानेवारीत आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात. मुलीनं ठरवलंय, सगळ्यांनी मिळून क्रूझवर जायचं. आम्ही दोघं, माझ्या सासूबाई (वय ८१, गुडघे दुखतात, काठी घेऊन चालतात), मुलगी, जावई आणि सात वर्षांचा नातू. मुलीनं तीन-चार जहाजांचा तक्ता करून पाठवलाय. मजले किती, रेस्टॉरंट किती, घसरगुंड्या किती. तिला सिंगापूरहून निघणारं मोठं जहाज हवंय. यांचं म्हणणं, 'पाणी इथून काय अन् तिथून काय, सारखंच. मुंबईहून सस्तं पाहून तिकीट काढून टाकू.' सासूबाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या, कांदा-लसूण खात नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, 'मला पडावात उतरवणार असाल तर मी येत नाही.' मी स्वतः समुद्र पाहिला तो गिरगाव चौपाटीवरून. कोणतं जहाज चांगलं?" (एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर)

ताई, तुमच्या पत्रात सगळ्यात कामाचं वाक्य सासूबाईंचं आहे. मुलीच्या तक्त्यात ते नाही आणि जहाज कंपनीच्या जाहिरातीतही सापडणार नाही.

नागपुरात वाढलेल्यांना पडाव म्हणजे काय ते सांगावं लागेल. कोकणात आगबोटी चालायच्या तेव्हा मालवण, वेंगुर्ल्यासारख्या बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, सगळं लहान पडावांतून किनाऱ्यावर यायचं. लाटेबरोबर पडाव वर-खाली होणार आणि त्यात नेमक्या क्षणी पाय टाकायचा. सासूबाईंनी लहानपणी ते केलं असणार. त्यांच्या पिढीच्या कोकणी माणसाच्या मनात रामदास बोटही असते. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसकडे निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्या तेव्हा अगदी लहान असतील, पण अशा गोष्टी घरात वर्षानुवर्षं सांगितल्या जातात. त्यांची भीती हसण्यावारी नेऊ नका.

पडाव आजही आहे, फक्त नाव बदललं. क्रूझच्या भाषेत त्याला टेंडर म्हणतात. मोठं जहाज जिथे धक्क्याला लागू शकत नाही तिथे समुद्रात थांबतं आणि लहान बोटींनी प्रवाशांना किनाऱ्यावर नेतात. लक्षद्वीपची फेरी घेतलीत तर हेच होणार. तिथली बेटं प्रवाळाची, भोवती उथळ पाणी, मोठं जहाज जवळ जाऊच शकत नाही. फुकेतलाही मोठी जहाजं बहुधा बाहेर नांगर टाकतात. याउलट गोव्याला मार्मागोवा बंदरात, कोचीला, मलेशियात पोर्ट क्लांग आणि पेनांगला जहाज धक्क्याला लागतं आणि उतारावरून चालत किंवा चाकाच्या खुर्चीतून खाली येता येतं. एका सहलीत मी पाहिलं, आमच्या शेजारच्या खोलीतले एक आजोबा तीनपैकी दोन बंदरांत जहाजावरच बसून राहिले, कारण टेंडरच्या पायऱ्या त्यांना झेपेनात. घरच्यांनी बुकिंग करताना हा प्रश्न विचारलाच नव्हता. तुम्ही बुकिंगवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा: प्रत्येक बंदरात धक्का आहे की टेंडर? उत्तर लेखी घ्या.

म्हणून माझा सल्ला असा की जहाजं ताडून पाहताना सुरुवात जहाजापासून करू नका. सकाळी दहा वाजता तुमच्या सहा माणसांपैकी कोण कुठे असेल, हे कागदावर लिहा. सासूबाई नाश्ता करून खिडकीशी बसलेल्या, नातू पाण्यात, तुमचे यजमान चहाचा दुसरा कप घेऊन डेकवर, मुलगी-जावई थोडे मोकळे, आणि तुम्ही? तुम्ही नेहमीसारख्या सगळ्यांच्या मागे धावत असाल तर सहल वाया गेली. ज्या जहाजावर तुम्हाला धावावं लागणार नाही ते तुमच्यासाठी चांगलं.

आता तक्त्यातली जहाजं. मुंबईहून निघणारं कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस १९९० सालचं आहे. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीसाठी फ्रान्समध्ये बांधलेलं, आधीचं नाव नॉर्डिक एम्प्रेस. २०२१ पासून ते भारतातून फेऱ्या करतं. लांबी सुमारे २११ मीटर. सिंगापूरहून निघणारं गेंटिंग ड्रीम २०१६ सालचं, लांबी सुमारे ३३५ मीटर. हे आकडे डोळ्यांसमोर आणायचे तर नागपूर स्टेशनच्या फलाटावर उभ्या राहा. एम्प्रेस म्हणजे साधारण नऊ डबे, गेंटिंग ड्रीम म्हणजे चौदा. जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक, २०२४ मध्ये आलेलं आयकॉन ऑफ द सीज, म्हणजे पंधरा डब्यांच्याही पुढे. मुलीला हे आकडे भव्य वाटतील. सासूबाईंच्या गुडघ्यांना तेच आकडे वेगळे दिसतात. खोली एका टोकाला आणि जेवणघर दुसऱ्या टोकाला असेल, तर दिवसातून तीन वेळा जेवायला जाणं म्हणजे सहा वेळा अख्खी गाडी चालून जाणं. लहान जहाजाचा हा मोठा फायदा आहे आणि तो कुणी सांगत नाही.

पण लहान जहाजाची दुसरी बाजूही बघा. जहाजाचं 'टनेज' लिहिलेलं असतं ते वजन नसतं, ते आतल्या एकूण बंदिस्त जागेचं माप असतं. त्याला एका खोलीत दोघं धरून येणाऱ्या प्रवासी संख्येनं भागा, म्हणजे माणशी किती जागा मिळते ते कळतं. एम्प्रेसचं टनेज ४८,५०० च्या आसपास आणि प्रवासी सोळाशे, भागाकार तीसच्या जवळ. गेंटिंग ड्रीमचं दीड लाख आणि साडेतेहेतीसशे प्रवासी, म्हणजे पंचेचाळीसच्या घरात. आयकॉन एवढं अवाढव्य असून ४४ वरच थांबतं. २०२३-२४ च्या हिवाळ्यात मुंबईहून फेऱ्या केलेलं इटालियन कंपनीचं कोस्टा सेरेना ३८ च्या आसपास. आकडा लहान म्हणजे लिफ्टपाशी, बुफेत, पोहण्याच्या तलावाशी गर्दी जास्त. शाळेच्या सुट्टीत खोलीतले तिसरे-चौथे बिछानेही भरतात, तेव्हा तो आणखी खाली येतो. हा भागाकार शिकलात की कोणत्याही जहाजाची जाहिरात तुम्हाला फसवू शकणार नाही. मुलीच्या तक्त्यात घसरगुंड्यांच्या शेजारी हा एक रकाना वाढवायला सांगा.

१९९० चं जहाज म्हटल्यावर यजमान म्हणतील, जुनं झालं. जहाज जुनं आहे म्हणून समुद्रात जायची भीती बाळगू नका. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रवासी जहाजाचं सुरक्षा प्रमाणपत्र एकाच वर्षाचं असतं, दर वर्षी तपासणी होऊन ते नव्यानं घ्यावं लागतं. जुनेपणा कळतो तो खोलीत. त्या काळी बाल्कनीची पद्धत नव्हती, म्हणून एम्प्रेसवर बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच आहेत. गेंटिंग ड्रीमसारख्या नव्या जहाजावर त्याच सगळ्यात जास्त. जुन्या बांधणीत न्हाणीघराला उंबरठा असतो, कधी चांगला वीतभर उंच. घरी फरशीवरून सरळ आत जायची सवय असलेल्या माणसाला रात्री तीन वाजता तो उंबरठा दिसत नाही. म्हणून सासूबाईंसाठी 'ॲक्सेसिबल' खोली मागा: रुंद दार, उंबरठा नाही, भिंतीला धरायला दांडे. प्रत्येक जहाजावर अशा खोल्या थोड्याच असतात आणि लवकर जातात. बाकीच्यांचं तिकीट ठरण्याआधी ही खोली पक्की करा.

खोलीबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पैसे वाचवायला लोक इथेच जातात आणि पस्तावतातही इथेच. सगळ्यात स्वस्त खोली आतली, बिनखिडकीची. जुन्या जहाजावर ती आपल्या दहा बाय बाराच्या खोलीएवढी, तीही न्हाणीघर धरून. दिवा मालवला की मिट्ट काळोख; बाहेर सकाळ झाली की मध्यरात्र आहे ते कळत नाही. तरुण जोडप्याला चालतं, ते खोलीत झोपण्यापुरतेच येतात. ८१ वर्षांच्या माणसाला चालत नाही. खिडकी हवीच. आणि खोली नुसती प्रकार पाहून घेऊ नका, जहाजाचा मजलेवार नकाशा उघडून नंबर पाहून घ्या. मी एकदा 'खोली कंपनी ठरवेल, म्हणून भाडं कमी' असं तिकीट घेतलं होतं. खोली मिळाली ती बरोबर पोहण्याच्या तलावाखाली. पहाटे पाच वाजता वर खुर्च्या ओढायला सुरुवात व्हायची आणि तो आवाज थेट उशीत. चार रात्री मी नीट झोपले नाही. तेव्हापासून एक नियम पाळते: वरही खोल्या, खालीही खोल्या, अशा मजल्यावरची खोली घ्यायची. तुमच्यासाठी त्यात आणखी दोन गोष्टी जोडा. जहाजाच्या मध्यभागी आणि शक्यतो खालच्या मजल्यावर, कारण झोका टोकांना आणि वर जास्त जाणवतो, मध्यावर आणि खाली कमी. शिवाय लिफ्टपासून चार-पाच दारं दूर. अगदी लिफ्टला चिकटून नको, तिथे रात्रभर माणसं बोलत उभी असतात.

झोक्याचं म्हणाल तर नव्या-जुन्या बहुतेक मोठ्या क्रूझ जहाजांना दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते डोलणं बरंच कमी करतात. मोठं जहाज कमी डोलतं हेही खरं. पण जहाजाच्या आकाराहून महिना महत्त्वाचा. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो, आणि जानेवारीत तो बहुधा शांत. तुमच्या लग्नाचा वाढदिवस जानेवारीत आहे हे मोठं सुदैव. तरी मळमळीची गोळी बरोबर ठेवा. सासूबाईंसाठी ती त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर चालते का ते नागपुरातच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. आलेपाकही न्या, पाकिटबंद.

जेवणात मुंबईच्या जहाजाला तोड नाही. तिथे जेवण मुळात भारतीय आणि जैन पदार्थ रोजचे, त्यामुळे कांदा-लसूण नको हे सांगताना कुणाला समजावत बसावं लागत नाही. सिंगापूरच्या गेंटिंग ड्रीमवरही भारतीय शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं. भारतीय प्रवासी तिथे भरपूर. युरोपातल्या जहाजांवर मात्र हे बुकिंगच्या वेळीच लेखी कळवावं लागतं, आणि तरी 'शाकाहारी' म्हणजे उकडलेल्या भाज्या आणि पास्ता अशी तयारी ठेवावी लागते. घरचं शिजवलेलं अन्न बहुतेक जहाजं आत नेऊ देत नाहीत. पाकिटबंद चिवडा, संत्रा बर्फी बहुधा चालते. विजेची किटली आणि इस्त्री काढून घेतात, ती बॅगेत भरूच नका.

नातवाचं काय? त्याला सात वर्षं पूर्ण आहेत, म्हणजे मुलांच्या क्लबमध्ये तो जाऊ शकेल. घसरगुंड्यांना वयाची नाही, उंचीची अट असते. पोरगं डेकवर पोचल्यावर 'तू अजून लहान आहेस' असं ऐकणं म्हणजे रडारड. मुलीला आधी त्याची उंची मोजून जहाजाच्या अटीशी ताडायला सांगा.

पैशांचा हिशेब यजमानांसाठी. तिकिटावर दिसतं ते भाडं, बाकीचं पुढे येतं: बंदर शुल्क, कर, माणशी दर रात्रीची टिप, पाण्याव्यतिरिक्त पेयं, वायफाय, बंदरातली सहल. दोन जहाजांची तुलना करताना हे सगळं मिळवून, माणशी-रात्री किती पडतं तो आकडा काढा. मग कळेल, 'सस्तं' कोणतं ते. सिंगापूरच्या हिशेबात नागपूरहून विमान बदलत जाण्या-येण्याचं भाडं, आदल्या रात्रीचं हॉटेल आणि सगळ्यांचा व्हिसा धरा. व्हिसा मल्टिपल एन्ट्री हवा, कारण जहाज सिंगापूरहून बाहेर जातं आणि तिथेच परत येतं. परदेशी पॅकेजवर टीसीएस (पॅकेज विकणारा आगाऊ वसूल करतो तो आयकर) कापला जातो, तो विवरणपत्रात दाखवून परत मिळवता येतो, पण तोवर पैसे अडकतात. आणि घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट पाठ करायला लावा: किनारा सुटला की मोबाइल विमान मोडवर टाकायचा. समुद्रात फोन जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडतो आणि त्याचं बिल घरी आल्यावर दिसतं.

आता मी काय करेन ते स्पष्ट सांगते. तुमच्या जागी मी असते तर या वेळी मुंबईचं जहाज घेतलं असतं, गोव्याची फेरी, दोन किंवा तीन रात्रींची. लक्षद्वीपची नाही. सिंगापूरसाठी सासूबाईंना दोन विमानं, विमानतळावरच्या रांगा आणि परतीचा तेवढाच प्रवास; तीन दिवसांच्या आनंदासाठी चार दिवसांचा थकवा. सिंगापूरचे जे पैसे वाचतात ते मुंबईच्या जहाजावर चांगल्या खोल्यांत घाला. सासूबाईंची खोली तुमच्या शेजारी, मुलीची जरा लांब असली तरी चालेल. आणि शनिवार-रविवारी न जाता आठवड्याच्या मधल्या दिवसांची फेरी पाहा, सुट्टीच्या फेऱ्यांना गर्दी आणि गाणी दोन्ही जास्त.

मुलीला नाराज करू नका. तिची इच्छा चुकीची नाही. तिच्या वयाच्या, पोरगं असलेल्या कुटुंबाला गेंटिंग ड्रीमसारखं जहाज फारच छान आहे: मोठ्या घसरगुंड्या, मोकळी जागा, बाल्कनी. ती सहल तिनं पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत नवरा आणि मुलाला घेऊन करावी. तिला हे लग्नाच्या वाढदिवसाआधी तुम्हीच सांगा, प्रेमानं. एकाच जहाजात तीन पिढ्यांचं सगळं बसवायला गेलं की प्रत्येकाला थोडं-थोडं कमी पडतं.

प्रवासाचं थोडक्यात. मुंबईला एक दिवस आधी पोचा. विदर्भ एक्सप्रेस किंवा दुरांतोने गेलात तर सीएसएमटीलाच उतराल, तिथून क्रूझ टर्मिनल असलेला बॅलार्ड पिअर जवळ आहे. समृद्धीनं गाडीनं जायचं असेल तरी रात्र मुंबईतच काढा. जहाज सुटायच्या बरेच तास आधी चेक-इन बंद होतं आणि ते कुणासाठी थांबत नाही. चाकाच्या खुर्चीची मागणी बुकिंगच्या वेळी नोंदवा. देशांतर्गत फेरीलाही प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र लागतं, नातवाचंसुद्धा. धक्क्यावर सामान काढून घेतात आणि ते खोलीत यायला काही तास लागतात, म्हणून औषधं, चष्मा, स्वेटर हातातल्या पिशवीत. जहाजावर डॉक्टर असतो, पण ते इस्पितळ नव्हे, आणि त्याची फी वेगळी. सासूबाईंचा प्रवास विमा घेताना आधीपासूनचे आजार धरले आहेत का, आणि वय ८१ चालतं का, हे दोन्ही वाचून मग सही करा.

जहाज सुटण्याआधी बचावाची कवायत होते. भोंगा वाजतो आणि प्रत्येकाला आपल्या जमण्याच्या जागी जावं लागतं. लोक कंटाळतात. तुम्ही सासूबाईंना आवर्जून घेऊन जा. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा काँकॉर्डिया खडकावर आपटून ३२ माणसं गेली, तेव्हा काही प्रवाशांची ही कवायत झालीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला, आता ती सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घ्यावीच लागते. सासूबाईंना जीवरक्षक बोटी कुठे टांगल्या आहेत ते स्वतः दाखवा. रामदासची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला हे डोळ्यांनी पाहिल्यावर रात्री झोप लागते.

शेवटचं एक. खोली घेताना डावी बाजू मागा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून डाव्या हाताची. मुंबईहून दक्षिणेला निघालेल्या जहाजाचा किनारा डाव्या हाताला येतो, आणि सकाळचा सूर्यही. मार्मागोव्याला पोचण्याआधी दीड-दोन तास जहाज वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातून जातं. गोव्याला सकाळी पोचणारी फेरी मिळाली, तर त्या वेळी उजाडत असेल. जमीन किती जवळ दिसेल ते त्या दिवशीच्या वाटेवर आणि धुक्यावर. सासूबाईंना पहाटे उठवून खिडकीशी बसवा, आणि त्यांना सांगा की इथे पडाव येणार नाही, जहाज पुढे धक्क्यालाच लागणार आहे.